घरगाडीचा घसारा

चंदरकाका माझ्या ऑफिसात येतो तेव्हा चपला दाराबाहेर काढून येतो. ऑफिस म्हणजे काय, मुरबाडच्या बाजारपेठेत खताच्या दुकानावरची एक खोली. एक टेबल, एक पंखा आणि पंख्याखाली वैतागलेली मी. कितीदा सांगितलं, काका, हे काय देऊळ आहे का? तर म्हणतो, "सरकारचं काम चालतं ना गो इथं." सरकारचं कसलं डोंबल, मी लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरते. जुलै महिन्यात तर माझ्या तोंडी कोणी लागत नाही. माझी आईसुद्धा फोन करायच्या आधी भावाला विचारून घेते, संजीवनीचं डोकं आज ठिकाणावर आहे का म्हणून.

हा काका आमच्या वैशाखऱ्याचा. मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालं की लागतं ते आमचं गाव. माझं माहेर आणि त्याचं घर एकाच आळीत, म्हणून तो काका आणि त्याची बायको बाईजा ती काकू. रक्ताचं नातं शोधलं तर सापडेल कुठंतरी, पण शोधायची वेळ कधी आली नाही.

काकाचं आयुष्य गेलं वाशिंदला, एका कारखान्याची कामगारांची बस चालवण्यात. तिथंच खोली घेऊन राहायचा, सुट्टीला गावी यायचा. इकडे काकू एकटी भात लावायची, कापायची, झोडायची. काका आला की अंगणात खाट टाकून बसायचा आणि तिला नियम सांगायचा. माणूस वाईट नाही हो. फक्त नियमाचा आहे. कोणी एकदा कागदावर काही लिहून दिलं, की ह्याच्या दृष्टीनं ते ब्रह्मदेवानं कपाळावर लिहिल्यासारखं.

एकदा म्हणे कारखान्याचा मॅनेजर बसच्या मागं धावत आला. काकानं आरशात बघितलं, घड्याळात बघितलं आणि गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावून झापझाप झापलं. काकानं खिशातून बसचं टाइमटेबल काढलं आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. सही मॅनेजरचीच होती. "साहेब, तुमीच लिवलंय. तुमचं तुमीच पाळत नाय, तर आमी कुनाचं पाळायचं?" हा किस्सा काकानं मला इतक्यांदा सांगितलाय की आता मॅनेजर कुठं दम खायला थांबतो तेही मला पाठ आहे.

रिटायर झाल्यावर माणसं काय घेतात? कोणी म्हैस घेतं, कोणी पिठाची गिरणी टाकतं. ह्यानं घरगाडी घेतली. शहरात तिला कॅराव्हॅन म्हणतात. नाशिकच्या कुणा हौशी माणसानं मोठ्या टेम्पोला आतून घर करून घेतलं होतं, घरच्यांसोबत भारत फिरायला. घरच्यांनी फिरायला नकार दिला, मग विकायला काढली. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायला मोरी, टपावर पाण्याची टाकी, बाजूला ओढून काढायचं कापडी छप्पर. आणि एक एवढासा संडास.

गाडी गावात आली त्या दिवशी सगळी आळी लोटली. पलंगाचं कुणाला काही वाटलं नाही, शेगडीचंही नाही. चर्चा झाली ती संडासाची. आमच्या भागीआजीनं आत डोकं घालून बघितलं आणि विचारलं, "आन् आत मानूस बसला आन् यानं बिरेक मारला, मंग?" ह्या प्रश्नावर गावात दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत.

त्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, काका काकूला म्हणाला, "पयली ट्रिप तुझी. वर घाटात नेतो, रातभर ऱ्हाऊ." काकूनं पदर तोंडाला लावला आणि मान वळवली. पण मी तिच्या शेजारीच उभी होते, ती हसलेली मी बघितली.

ह्या हसण्याचं कारण सांगायला हवं. काकूचं माहेरही घाटाच्या पायथ्याशी आणि सासरही. जन्मभर तिनं शेतात वाकून कंबर धरली, की सरळ होताना समोर घाट दिसायचा. वर गाड्या जाताना दिसायच्या, रात्री त्यांचे दिवे दिसायचे. पण वर जाऊन, खाली वळून, आपलं शेत कसं दिसतं ते तिनं कधी बघितलं नव्हतं. मला एकदा आवणीच्या, भात लावायच्या वेळी म्हणाली होती, "वरून लोक आमाला बघतात. काय दिसत आसंल गो त्यांना?" दुसरं काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. घाट किती लांब? गाडीनं गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं. पण जाणार कोण नेल्याशिवाय, आणि शेत टाकून.

तर पहिली ट्रिप काकूची ठरली. मध्ये मी तडमडले.

काकानं गाडी रीतसर भाड्याच्या धंद्यावर चढवली. पिवळी पाटी लावली, परवाना काढला. मुंबईची, पुण्याची माणसं यायची, काका त्यांना घाटात, धरणाकाठी नेऊन उभी करायचा. रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा त्यानं ढाब्याला भाड्यानं दिलाय, त्याचं उत्पन्न वेगळं. म्हणजे रिटर्न आला, आणि रिटर्न आला म्हणजे चपला काढून काका माझ्याकडे आला.

मी त्याला घसारा समजावला. म्हटलं, "काका, गाडी दर वर्षी जुनी होते, तिची किंमत उतरते. तू धंद्यासाठी वापरतोस म्हणून ती उतरलेली किंमत सरकार तुझा खर्च धरतं. भाड्याच्या गाडीला पहिल्या वर्षी शंभरातले तीस, मग उरलेल्यातले तीस, मग त्याच्या उरलेल्यातले. तेवढ्या पैशावर टॅक्स नाही."

काकानं बोटांवर तीस मोजायला घेतले आणि सोडून दिले. "म्हंजे जुनं व्हायचे पैसे?"

"तसंच समज."

"आन् मी जुना झालो त्याचं?"

काकू सोबत आली होती. ती खुर्चीत मागं टेकून म्हणाली, "तुमचा सगळा घसारा माज्या खात्यात पडलाय. तिथं कोन टॅक्स सोडीत नाय." मला हसू आवरेना. काका हसला नाही. त्याचं लक्ष तीस टक्क्यांवर होतं. आयुष्यात पहिल्यांदा सरकार काहीतरी न मागता देतंय, असा त्याचा चेहरा झाला होता.

इथवर ठीक होतं. मग मी सगळ्यांना सांगते ते त्यालाही सांगितलं. म्हटलं, गाडी घरच्या कामाला वापरलीस तर तेवढ्या वापराचा घसारा कापला जातो. झालं. कुठून बोलले असं झालं मला नंतर.

काकानं शहापूरहून पेंटर आणला आणि गाडीच्या दारावर लाल अक्षरात लिहून घेतलं, 'फक्त धंद्यासाठी'. काकूची पहिली ट्रिप रद्द. "घसारा कापतील," एवढंच कारण दिलं. काकू काही बोलली नाही. काकू बोलली नाही की समजावं, बरणीत काहीतरी मुरायला घातलंय.

धंद्याचं काम मात्र तिच्याकडेच आलं. चादरी ती धुवायची, टाकी ती भरायची, पर्यटक उतरले की तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचा रस्सा तीच करायची, आणि तो एवढासा संडासही तीच घासायची. आत जायची ती झाडू घेऊन. पलंगावर बूड टेकलं तर काका दारातून खाकरायचा.

कळस सांगते. एकदा काकूचा गुडघा धरला. मुरबाडला डॉक्टरकडे जायचं होतं. नेमकं त्याच दिवशी काकाला मुरबाडहून गिऱ्हाईक उचलायचं होतं. म्हणजे घरगाडी रिकामी मुरबाडला निघालेली. पण काकू घरची, डॉक्टर घरचा. काकानं तिला एसटीत बसवून दिलं, आणि एसटीच्या मागं मागं रिकामी घरगाडी घेऊन मुरबाडला आला. काकू मागच्या सीटवर. मागच्या काचेतून नवरा दिसतोय, नवऱ्याच्या मागं दोन रिकामे पलंग दिसतायत. तिनं सगळ्या एसटीला सांगितलं म्हणे, "त्यो माजा नवरा. मला सोडाय आलाय." सबंध एसटी मागं वळून हसत होती, आणि काका सगळ्यांना हात करत होता, त्याला वाटलं ओळखीची माणसं आहेत.

मला हे कळल्यावर मी त्याला धरला. "अरे काका, एक दिवस वापरलीस तर एका दिवसापुरता कापतील. सगळा घसारा नाही जात."

"एका दिवसाचा तरी का जाऊ द्यावा?" काका शांतपणे म्हणाला. "पांढऱ्या धोतराला एक डाग पडला तरी लोक डागच बगतात, धोतर नाय बगत."

अशा माणसाशी कोण डोकं फोडणार? मी म्हटलं, तुझं धोतर तुला लखलाभ.

मग कुंडलिकाच्या मुलीची हळद आली. कुंडलिक काकाचा शेजारी. त्याचं घर लहान, पाहुणे मोप, नवरीला नटायला जागा नाही. तो काकाकडे आला, घरगाडी एक दिवस दारात उभी कर म्हणाला. आता आमच्याकडे हळदीला कोणी काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. आणि फुकट दिली तर घसारा कापतात. काका दोन रात्री झोपला नाही म्हणे. शेवटी तो कुंडलिकाला भाडं सांगून बसला. कुंडलिक म्हणाला, "पैसे नाय रे माज्याकडं आता, लगीन हाय. सावड देतो."

सावड म्हणजे आमच्याकडचा जुना व्यवहार. आज तुम्ही आमच्या शेतात या, उद्या आम्ही तुमच्या शेतात येतो. पैसा कोणी कुणाला द्यायचा नाही, पण घेतलेली सावड फेडायचीच. एक वेळ बँकेचं बुडवलं तर गाव हसून सोडेल. सावड बुडवली तर त्या माणसाच्या शेतात आवणीला कोणी पाय ठेवणार नाही.

काकाला हे एकदम पटलं. घरगाडी हळदीला उभी राहिली, आणि पावसाळ्यात कुंडलिकाच्या घरची दोन माणसं येऊन काकाचं भात लावून गेली. मग जुलैत काका माझ्याकडे येऊन म्हणतो, "लिव. भाडं, दोन मानसांची आवणी."

मी ओरडले. खरंच ओरडले, खालचा खतवाला वर बघायला आला. पण विचार केला तर म्हातारा बरोबर होता. धंद्याचं भाडं पैशात न येता कामात आलं तरी ते उत्पन्नच. मी गावच्या मजुरीच्या भावानं त्याची किंमत धरली आणि उत्पन्नात टाकली. काका खूश. काकू त्या दिवशीही शेजारी बसली होती. ती माझ्या टेबलाकडे अशी बघत राहिली, जशी मांजर फळीवरच्या दुधाकडे बघते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी गाडीबद्दल इन्कम टॅक्सकडून चौकशी आली. त्यात काही विशेष नाही. आत पलंग आणि मोरी असलेल्या गाडीवर पुरा घसारा लावला तर कुणीही विचारेल, बाबा, ही गाडी आहे की घर. गणपती उठले त्याच आठवड्यात एक साहेब प्रत्यक्ष बघायला गावात आले. तरुण होते, नम्र होते. कागद बघितले, गाडी आतून बघितली, दारावरची लाल अक्षरं वाचून जरा हसले. मी तिथं होते. काका नव्या शर्टात, बटणं गळ्यापर्यंत.

साहेबांनी विचारलं, "घरच्यांपैकी कोणी वापरत असेल ना? कधीमधी?"

"एकदा पन नाय," काका छाती काढून म्हणाला. "ईचारा हिला."

काकू चहा घेऊन आली होती. तिनं कप साहेबांच्या हातात दिला, आणि पदराला हात पुसले.

"नाय साहेब," ती म्हणाली. "चादरी मी धुते. टाकी मी भरते. आतला संडास मी घासते. बसली एकदा पन नाय. पयली ट्रिप तुजी, असं हे बोलले व्हते. मंग घसारा आला."

साहेबांनी चहा प्यायला, पण पिताना त्यांनी वर बघितलं नाही. जाताना माझ्याजवळ हळूच म्हणाले, "मॅडम, यांचं सगळं खरं आहे. इतकं खरं मी कुठं बघितलं नाही." चौकशी तिथंच संपली. घसारा पुरता मंजूर. काकानं आळीत पेढे वाटले. काकूला पेढा दिला तर ती म्हणाली, माझा गुडघा दुखतो, गोड चालत नाही. पेढ्याचा आणि गुडघ्याचा संबंध काय, हे विचारायचं काकाला सुचलं नाही. मला इतका राग आला होता की पेढा मी कुत्र्याला घातला.

दुसऱ्या दिवशी काकू एकटीच माझ्या ऑफिसात. तीही चपला बाहेर काढून. बसली, पाणी प्याली.

"संजीवनी, परका मानूस भाडं देऊन गेला तर घसारा कापत नाय ना?"

"नाही."

"आन् भाडं सावडीनं दिलं तर?"

"तरी नाही. कुंडलिकाचं धरलं की आपण."

"मंग माजी सावड धर," काकू म्हणाली. "तीन वरसांची हाय. एक रात घाटात जायाचं हाय मला."

मला जे हसू सुटलं ते थांबेना. मी तिथंच फोन उचलला आणि काकाला लावला. म्हटलं, "काका, घरगाडीला एक गिऱ्हाईक आहे. एक बाईमाणूस, एक रात्र, घाटाच्या माथ्यावर. भाडं सावडीनं. सावड आधीच दिलेली आहे."

"आदीच?" काका गोंधळला. "मला म्हाईत नाय ती?"

"ते तुझं तू बघ. घेतलेली सावड फेडायची असते की नाही?"

"म्हंजे काय. फेडायचीच."

"मग सकाळी माझ्या ऑफिसखाली ये. आणि चादरी धुतलेल्या आण, बाई स्वच्छतेच्या आहेत."

सकाळी काका वेळेवर हजर. गाडी चकाचक, पिवळी पाटी पुसलेली. खतवाल्याच्या ओट्यावर पहिल्या एसटीनं आलेली काकू बसली होती, पाहुण्यांकडे नेसून जायचं हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी.

"तू हितं काय करते?" काका तिला म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "गिऱ्हाईक कुठाय?"

"हे काय."

काका हसला. मग हसायचा थांबला. "ही? ही घरची हाय गो."

"घरची हाय तर घरच्यासारखी ठेवायची," काकू उठून म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "कुंडलिकाची दोन मानसं एक दीस वाकली, ते भाडं झालं. मी तीन वरसं वाकते. ते काय झालं, पुन्य?"

काकानं माझ्याकडे बघितलं, गणित अडलं की पोर बघतं तसं. "संजीवनी, कायद्यात बसतं?"

"कुंडलिकाचं बसलं. हिच्या मजुरीचा भाव लावून भाडं उत्पन्नात धरते, सरकारचं काही बुडत नाही. तुला नको असेल तर हिला एसटीत बसव आणि गावात जाऊन सांग, चंदरनं बायकोची सावड बुडवली."

बाजार उघडत होता. दोनचार माणसं थांबून ऐकायला लागली होती. काकानं एकदा दारावरच्या लाल अक्षरांकडे बघितलं, एकदा काकूकडे. दोन्हीकडे नियमच होता, आणि त्याच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. शेवटी त्यानं मागचं दार उघडलं.

"बस," तो म्हणाला.

"गिऱ्हाइकाला असं बोलतात?"

काकानं दार आणखी उघडलं. "बसा."

काकू बसली. काकानं पुढं आपल्या शेजारची सीट हातानं झटकली तर ती आतून म्हणाली, "गिऱ्हाईक मागं बसतं." गाडी निघाली. ऑफिसला कुलूप लावून मागं मागं जायची तेवढी मी बाकी राहिले होते.

पुढचं मला गावानं सांगितलं. वैशाखऱ्यात गाडी शिरली तेव्हा काकू पडदा सारून खिडकीत बसली होती आणि दोन्ही बाजूंना हात करत होती. भागीआजी रस्त्यात आडवी उभी राहिली आणि गाडी थांबवून तिनं काकूला एकच गोष्ट सांगितली, आतल्या संडासात बसून बघ आणि बिरेकचं मला येऊन सांग. कुंडलिकानं काकाला विचारलं, भाडं किती घेतलंस रे? काकानं काच वर केली म्हणे.

घाटावर काय झालं ते कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं परत आली. काकू लुगडं बदलून खुरपं घेऊन शेतात गेली. मी तेवढ्यासाठी माहेरी गेले होते, ओट्यावरून विचारलं, शेत दिसलं का गो? "दिसलं," ती म्हणाली. "टिकलीएवढं हाय. तेवढ्यात जलम गेला." एवढं बोलून ती वाकली ती वाकली. काका त्या दिवशी नळावर चादरी धुताना दिसला, असं आई म्हणाली. मला वाटलं, आईला चष्मा बदलायला हवा.

मग जुलै आला. माझं डोकं फिरलेलं, खोलीत माणसं, कुणाच्या पावत्या भिजलेल्या, कुणाच्या हरवलेल्या. त्यात काका आणि काकू चपला काढून आत. काकानं गाडीचे सगळे कागद समोर ठेवले. मी एकेक भाडं उतरवत घाटाच्या त्या ट्रिपपाशी आले तर काकानं हात मध्ये घातला.

"ती धंद्यात धरू नको."

"म्हणजे?"

"घरची लिव. तेवढा घसारा काप."

मी पेन खाली ठेवला. हा तोच माणूस, जो रिकामी गाडी घेऊन बायकोच्या एसटीमागं आला होता. "काका, तुझ्या धोतराला डाग पडेल."

"पडू दे."

"नाय कापायचा," काकू म्हणाली. "मी सावड दिली. मी गिऱ्हाईक व्हते."

"तू बायको हायेस."

"आता आठवलं? तीन वरसं बायको नुसती घासायला व्हती."

खोलीतली माणसं आपापल्या पावत्या विसरली. काका माझ्याकडे झुकला, जणू मी न्यायाधीश. "आगो, ऐक. सकाळी धुकं उठलं, आन् हिला शेत दिसलं. तर ही रडली. आता तूच सांग, गिऱ्हाईक रडतं काय? गिऱ्हाईक फोटू काडतं. रडनारं मानूस घरचंच असतं. मी खोटं कसं लिवू?"

एवढं लांब बोललेला काका मी कधी ऐकला नव्हता, मॅनेजरचा किस्सा सोडला तर. मला वाटलं आता काकू विरघळेल. मी घसारा कापायला आकडे जुळवायलाही लागले.

"रडले ते खरं," काकू म्हणाली. "पन शेत बगून नाय."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. ती माझ्याशीच बोलत होती, काकाकडे तिनं बघितलंही नाही.

"गाव सोडलं तवा यानं पुढून ईचारलं, कुठं थांबू? गिऱ्हाइकाला ईचारायची सवय हाय ना, तसंच ईचारलं. चाळीस वरसं झाली लग्नाला. बैलगाडीत बसले, एसटीत बसले, याच्या मागं चालत गेले. कुठं थांबायचं ते मला कुनी ईचारलं नव्हतं. मी म्हनले, हितं थांबा. तर थांबला. तिथं कायपन नव्हतं गो, नुसता रस्ता व्हता. तरी थांबला. मंग मी आनखी थांबवलं. वर जाईस्तवर थांबवतच गेले, आन् हा दर टायमाला थांबला, एकदा पन घड्याळ बगितलं नाय. त्याचं रडं सकाळी आलं." तिनं माझ्या पेनाकडे बोट केलं. "बायको लिवलं तर पुन्हा कोन ईचारनार? म्हनून गिऱ्हाईक लिव."

मी डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून पंख्याला शिव्या घातल्या. काका आपल्या अनवाणी पायांकडे बघत होता. मग त्यानं कागद उचलला, सरळ केला आणि माझ्यासमोर ठेवला.

"धंद्यात धर," तो म्हणाला. "आन् पुढं दर वरसाला धर."

"दर वरसाची म्हनता तर भाव कमी करा," काकू म्हणाली. "कायमचं गिऱ्हाईक हाय मी."